डोळे मिटलेल्या मांजराची कैफियत

चेन्नईच्या दक्षिणेस समुद्रकाठी मामल्लपुरम येथे पल्लवकालीन शिल्पकारांनी सातव्या शतकात एका अजस्र शिलाखंडावर गंगावतरणाचा जो देखावा कोरून ठेवला आहे, त्यात देव, नाग, तपस्वी आणि हत्ती यांच्या दाटीत एक मांजरही उभे आहे. मागच्या पायांवर तोल सावरून, पुढचे दोन्ही पंजे मस्तकाच्या वर उचलून ते तपश्चर्येत मग्न झालेले दाखवले असून त्याच्या पायाशी उंदीर निर्धास्तपणे वावरत आहेत. महाभारताच्या उद्योगपर्वात दुर्योधनाने उलूकाकरवी पांडवांकडे जो निरोप धाडला, त्यातही गंगातीरी हात वर करून तप करणाऱ्या आणि विश्वासाने जवळ आलेल्या उंदरांचा फन्ना उडवणाऱ्या मांजराची कथा येते. आणि मनुस्मृतीने तर धर्माचे अवडंबर माजवून लोकांस ठकवणाऱ्या मनुष्याला ‘बैडालव्रतिक’ असे नावच देऊन टाकले आहे. आपल्या मराठीतले, डोळे मिटून दूध पिणारे आणि जगाला काही दिसत नाही असे समजणारे मांजर हे त्याच घराण्यातले. अशा रीतीने ज्या प्राण्याने आपल्या कणग्या आणि कोठारे उंदरांपासून राखली, त्याच्यावर ढोंग, स्वार्थ, लहर, क्रौर्य आणि कृतघ्नता यांच्या तोहमती शतकानुशतके लादल्या गेल्या, आणि त्याची स्वतःची कैफियत मात्र कोणी विचारात घेतली नाही.

ती कैफियत आता बऱ्याच अंशी उपलब्ध झाली आहे. गेल्या काही दशकांत प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांनी मांजराच्या दैनंदिन लकबींची जी तहकीकात केली, तिच्यावरून असे दिसते की ज्या गोष्टी पाहून आपण हसतो अथवा रुसतो, त्यांतील बहुतेकांचे मूळ दोनच ठिकाणी सापडते: एक, त्याच्या पूर्वजाने रखरखीत मुलखात एकट्याने केलेल्या शिकारीत, आणि दुसरे, त्याने आईच्या कुशीत काढलेल्या पहिल्या काही आठवड्यांत. मांजर लहरी आहे असे म्हणणारा मनुष्य या दोन जागा पाहून आलेला नसतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रथम त्या मिटलेल्या डोळ्यांचाच विचार करू. खिडकीत किंवा कट्ट्यावर चारही पाय पोटाखाली दुमडून बसलेले मांजर आपल्याकडे पाहते, पापण्या सावकाश अर्ध्यावर आणते, क्षणभर मिटते आणि पुन्हा तितक्याच सावकाशीने उघडते. इंग्लंडमधील ससेक्स आणि पोर्ट्स्मथ येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२० साली या कृतीची रीतसर परीक्षा घेतली. मालकाने मांजरासमोर बसून डोळे असेच हळू मिटले-उघडले, तर मांजरही अधिक प्रमाणात तसेच करून उत्तर देते. इतकेच काय, पूर्वी कधी न पाहिलेल्या माणसाने ही खूण करून हात पुढे केला, तर चेहरा निर्विकार ठेवून हात पुढे करणाऱ्यापेक्षा त्याच्याकडे ते अधिक तत्परतेने जाते, असे त्यांना आढळले. मांजरांच्या व्यवहारात एकटक रोखलेली दृष्टी ही धमकी असते; तेव्हा ज्याच्यासमोर पापण्या मिटाव्यात त्याच्याकडून आपल्याला भय नाही, असाच या खुणेचा अभिप्राय घेणे युक्त होय. ज्या डोळेमिटीला आपण दांभिकपणाचे चिन्ह ठरवून बसलो, ती विश्वासाची खूण निघावी, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. हा प्रयोग कोणालाही घरबसल्या करता येतो आणि त्यासाठी थोड्या धीराखेरीज कशाचीही गरज नाही.

आता मूळ मुलखाकडे वळू. पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे ‘फेलिस लिबिका’ हे आफ्रिका आणि पश्चिम आशियातील रानमांजर, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने निश्चित केले. याच जातीची एक आशियाई शाखा आपल्याकडे कच्छ आणि थरच्या वाळवंटी प्रदेशात आजही नांदते. पश्चिम आशियात शेतीला आरंभ होऊन धान्याची कोठारे उभी राहिली, कोठारांमागे उंदीर आले आणि उंदरांमागे हे रानमांजर आले. त्याला कोणी पकडून दावणीला बांधले नाही. सायप्रस बेटावर शिलुरोकांबोस येथे फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले, आणि त्यात मनुष्याच्या सांगाड्याशेजारी मांजराचाही अखंड सांगाडा होता. त्या बेटावर मूळची मांजरे नसल्याने त्यांना होडीतून नेले असले पाहिजे, म्हणजे तेव्हापासूनच माणसाचा जीव या प्राण्यात गुंतला होता. परंतु कुत्र्याप्रमाणे कळपात राहण्याचा आणि नायकाची आज्ञा पाळण्याचा शिरस्ता या प्राण्याच्या वंशात मुळीच नव्हता. आणि ज्याच्या रक्तात हुकूम घेण्याची वहिवाट नाही, त्याने हुकूम मानला नाही म्हणून त्याला कृतघ्न म्हणणे हा न्याय नव्हे.

या वाळवंटी वारशाच्या खुणा आपल्या माजघरात पावलोपावली दिसतात. ज्या मुलखात पाणी दुर्मिळ, तेथे भक्ष्याच्या अंगातल्या ओलाव्यावर भागवणारे आणि लघवी अतिशय घट्ट करणारे मूत्रपिंड लाभलेले हे जनावर, वाटीभर पाणी समोर असताना त्याकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि आपण मात्र त्याला काही झाले की काय म्हणून चिंतेत पडतो. उन्हाच्या तिरिपेमागे घरभर जागा बदलत जाणे, नुकत्याच उतरवलेल्या धुण्यावर पसरणे, संगणकाच्या उबदार पाठीवर ठाण मांडणे, यांचेही मूळ तेच आहे. कारण आपल्याला ज्या हवेत सुखाचे वाटते तीत मांजराला किंचित थंडीच वाजत असते, आणि त्याच्या देहाला विनासायास सोसणारे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वरचे असते.

जेवण झाल्यावर काही मांजरे ताटलीभोवतीची जमीन पंज्याने खरवडू लागतात. हे पाहून घरातल्या आजीला हमखास वाटते की आपण वाढलेले अन्न त्याने नापसंत करून मातीआड करायला घेतले. वास्तविक उरलेल्या शिकारीचा वास इतर जनावरांना लागू नये म्हणून ती पाचोळ्याखाली झाकून ठेवण्याचा हा दस्तूर आहे; फरशीला माती नसते, पाचोळा नसतो, तरी पंजा आपले काम करून मोकळा होतो. आपली विष्ठा पुरून टाकण्याच्या ज्या सवयीमुळे मांजर स्वच्छतेचा आदर्श ठरले, तीही याच सावधपणाची बहीण होय.

घरात नवे काही आणले तर मांजर त्या वस्तूत रस न घेता ती ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आली त्यात जाऊन बसते, ही तर सार्वत्रिक कौतुकाची गोष्ट आहे. नेदरलंडमधील एका निवारागृहात नव्याने आलेल्या मांजरांपैकी काहींना खोकी दिली आणि काहींना दिली नाहीत, तेव्हा खोकी मिळालेल्यांचा ताण पहिल्या काही दिवसांत लक्षणीय रीतीने लवकर ओसरला, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. एकट्याने शिकार करणारे लहान जनावर स्वतःही मोठ्या जनावरांचे भक्ष्य असते; तिन्ही बाजूंनी पाठ झाकलेली आणि चौथ्या बाजूने टेहळणी करता येईल अशी जागा त्याला लाभली की त्याचा जीव थाऱ्यावर येतो. ही ओढ इतकी प्रबळ असते की जमिनीवर एकेक पाव भाग कापलेल्या चार चकत्या अशा मांडल्या की त्यांच्यामध्ये चौकोन असल्याचा केवळ भास व्हावा, तर मांजरे त्या भासमान चौकोनातही जाऊन बसतात, असे २०२१ सालच्या एका प्रयोगात दिसून आले.

मध्यरात्री अथवा पहाटे एकाएकी घरभर सुसाट धावत सुटण्याचा जो प्रकार असतो, त्याने कित्येक घरांची झोप मोडली आहे. मांजराची खरी वेळ म्हणजे संधिप्रकाश. उंदीर-घुशी बाहेर पडतात तेव्हा त्याचा दिवस सुरू होतो. तासन्‌तास दबा धरून बसावे आणि एका क्षणी सर्व बळ एकवटून झेप घ्यावी, अशी ज्याच्या देहाची रचना, त्याला आयती वाटी मिळू लागली तरी साठलेली शक्ती कोठे तरी खर्चावीच लागते. निजण्यापूर्वी थोडा वेळ दोरी अथवा चेंडू घेऊन त्याच्याशी खेळावे आणि मग त्याला खाऊ घालावे. शिकार, भोजन, निद्रा हा त्याचा मूळ क्रम पाळला गेला की रात्रीचा दंगा पुष्कळ कमी होतो.

फडताळावरची वाटी पंज्याने हळूहळू कडेपर्यंत सरकवून, आपल्याकडे एकवार पाहून ती खाली लोटणे, हा गुन्हा मात्र सकृद्दर्शनी निव्वळ खोडसाळपणाचा वाटतो. परंतु अगदी जवळचे मांजराला धूसर दिसते, आणि नाकासमोरच्या वस्तूची पारख ते मिशांनी व तळपंज्याच्या संवेदनक्षम गाद्यांनी करते. निश्चल पडलेली वस्तू खरोखरच निर्जीव आहे की संधी पाहून पळणार आहे, हे तपासण्यासाठी पंजा मारून पाहण्याची ही रीत आहे. पुढे असे होते की वाटी पडताच घरचे माणूस धावत येते, बोलते, क्वचित खाऊही देते, आणि तेवढे ते चतुर जनावर अचूक ध्यानात ठेवते.

उंदराला सोडून पुन्हा पकडण्याच्या खेळाने मांजराच्या माथी क्रौर्याचा जो डाग लागला, त्याबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत. पॉल लायहाउझेन या जर्मन प्राणिवर्तनशास्त्रज्ञाने मांजरांचे दीर्घकाळ निरीक्षण करून दाखवून दिले की दबा धरणे, पकडणे, मारणे आणि खाणे या त्यांच्या ठायी स्वतंत्र प्रेरणा आहेत. म्हणून पोट भरलेले मांजरही पकडीच्या मोहात पडते आणि वध मात्र लांबवते. शिवाय मोठा उंदीर कडकडून चावू शकतो, आणि नाकाडोळ्याला झालेली जखम ही एकट्या शिकाऱ्याच्या उपजीविकेवरच घाला असते. तेव्हा भक्ष्य दमेपर्यंत त्याला दुरून पंजे मारीत राहण्यात त्याची भीतीही मिसळलेली असते. तो उंदीर त्याने उंबऱ्यावर आणून ठेवला म्हणजे आपण किंचाळतो. आई असलेली मांजरी पिलांसाठी आधी मेलेली, मग अर्धमेली आणि शेवटी जिवंत शिकार आणून त्यांचे शिक्षण करते, हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या भेटीवर रागावणे जड जाते.

उंचावरून पडूनही मांजर पायांवर उतरते, हा त्याचा पराक्रम पाहून तर थोर शास्त्रज्ञ चक्रावले. वरून सोडलेल्या वस्तूला बाहेरून काही धक्का न मिळता ती आपोआप कशी वळेल, असा त्यांचा आक्षेप होता. १८९४ साली एतियेन-ज्युल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने पडत्या मांजराची क्षणाक्षणाची छायाचित्रे घेऊन पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली, आणि कंबरेत वाकून देहाचा पुढचा व मागचा भाग परस्परांविरुद्ध पीळ देत ते हवेतच कसे उलटते हे सर्वांना दिसले. त्याचे समाधानकारक गणित मात्र १९६९ साली मांडले गेले. पिलू तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ही कला शिकू लागते आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास तीत निष्णात होते. पाणी पिण्याची त्याची तऱ्हाही अशीच अद्भुत आहे. अमेरिकेतील एका संशोधकाने न्याहारीच्या वेळी आपल्या मांजराकडे पाहता पाहता ज्या प्रश्नाला हात घातला, त्याचे उत्तर २०१० साली प्रसिद्ध झाले: मांजर जिभेने पाणी उपसत नाही, तर जिभेचे टोक पृष्ठभागाला नुसते टेकवून झटक्यासरशी वर नेते, त्यामागोमाग पाण्याचा बारीक स्तंभ वर उठतो, आणि तो कोसळण्यापूर्वीच ते जबडा मिटते, हे सर्व सेकंदाला सुमारे चार वेळा. म्हणूनच त्याची हनुवटी भिजत नाही.

श्रीखंडाच्या पातेल्याभोवती घुटमळणाऱ्या मांजराला गोडाची आवड असते, असा आपल्याकडे समज आहे. तो सोडून द्यावा लागेल. गोड चव ओळखण्यास लागणाऱ्या दोन जनुकांपैकी एक जनुक मांजराच्या वंशात निकामी झाले आहे, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातील संशोधकांनी २००५ साली दाखवून दिले. त्याला हवा असतो तो दह्यादुधातला स्निग्धांश, साखर त्याच्या लेखी असून नसल्यासारखी आहे.

त्याच्या नाकाचे राज्य मात्र आपल्याहून कितीतरी विस्तीर्ण. बाहेरून आलेल्या माणसाचा मोजा हुंगून मांजर वरचा ओठ उचलते, तोंड अर्धवट उघडे ठेवते आणि शून्यात पाहत राहते, तेव्हा ते नाक मुरडून तुच्छता दाखवीत आहे असे वाटते. पण वरच्या दातांमागे जी दोन सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून तो गंध ते टाळूवरच्या एका विशेष इंद्रियाकडे पोचवीत असते. आपल्या पायाला गाल घासून जाणे हाही गंधाचाच व्यवहार आहे, कारण गाल, हनुवटी आणि शेपटीचे मूळ येथे गंधग्रंथी असतात, आणि त्यांचा लेप लावून ते घरातली माणसे आणि खांब आपल्या परिचयाच्या दप्तरात दाखल करून घेत असते. परसात किंवा ओसाड जागी उगवणारी खोकली नावाची वनस्पती मुळासकट उपटली की आसपासची मांजरे त्या मुळावर तुटून पडतात, त्यावर लोळतात, गाल घासतात. पाश्चात्त्यांच्या ‘कॅटनिप’ची हीच तऱ्हा. याच गुणाच्या एका जपानी वेलीवर संशोधन करणाऱ्यांनी २०२१ साली दाखवून दिले की तिची पाने अंगाला घासून घेणाऱ्या मांजरावर डास कमी बसतात. ज्याला आपण नशा म्हणत होतो, तिच्यात संरक्षणाची अशी तजवीज होती.

आणि आता बालपणाकडे येऊ; मला स्वतःला मांजराचे हे अंग सर्वांत हृद्य वाटते. मांडीवर येऊन बसलेले मांजर पुढच्या पंज्यांनी आळीपाळीने, कणीक तिंबावी तशी, आपली मांडी तिंबू लागते. दूध पिताना आईच्या आचळांना पान्हा फुटावा म्हणून पिलू हेच करते, आणि पुढे कितीही मोठे झाले तरी ज्याच्या सहवासात त्याला आईची ऊब भासते, त्याच्यावर ते हीच क्रिया करते. त्या वेळी लागणारी नखे सोसावीत, पंजा झटकू नये. शेपटी सरळ उभी धरून सामोरे येणे ही पिलाची आईला भेटण्याची रीत. ‘म्याऊ’ हीसुद्धा मुळात पिलाची आईला घातलेली हाक आहे. प्रौढ मांजरे परस्परांशी तिचा उपयोग क्वचितच करतात, आणि माणसाशी मात्र जन्मभर त्याच भाषेत बोलतात. आपले नाव इतर शब्दांपासून त्यांना वेगळे ओळखता येते, हे जपानमधील प्रयोगांनी २०१९ साली सिद्ध केले आहे. तेव्हा ‘मनी, मनी’ अशा हाका ऐकूनही ती जागची हलत नाही, त्या वेळी तिच्या कानाला बोल लावू नये.

घुरघुरण्याचेही असेच. कॅरेन मॅकोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवले की भुकेले मांजर आपल्या खर्जातल्या घुरघुरीत एक उंच, रडवा स्वर मिसळते, आणि तो माणसाच्या तान्ह्या बाळाच्या रडण्याशी जवळीक सांगतो. ज्यांनी कधी मांजर पाळले नाही अशा लोकांनाही ही घुरघुर अधिक निकडीची वाटली. आईला उठवण्याचे बाळाचे जे साधन, तेच मांजराने आपल्या घरधनिणीसाठी निवडले, आणि पहाटे पाच वाजता डोळ्यांवर झोप असताना आपण वाटी भरायला का उठतो, याचे उत्तर या स्वरात आहे.

मांजरी आपल्या पिलांना सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. जागेला वास लागला, गोचिडी-पिसवा झाल्या, एखाद्या बोक्याची चाहूल लागली, की ती बिऱ्हाड हलवते. मानेच्या सैल कातडीला धरून उचलताच पिलू अंग ढिले सोडून, पाय पोटाशी घेऊन निश्चल होते. ही निसर्गदत्त प्रतिक्रिया आहे, आणि तिच्यामुळेच एवढ्याशा दातांतून तो कोवळा जीव सुरक्षित जातो. दक्षिणेतील श्रीवैष्णव आचार्यांमध्ये ईश्वराच्या कृपेविषयी जो प्रसिद्ध वाद झाला, त्यात एका पक्षाने माकडिणीला स्वतः घट्ट धरून राहणाऱ्या पिलाचा दृष्टांत घेतला, तर तेंगलै पक्षाने मार्जारन्याय पुढे केला: पिलू काहीच करीत नाही, आई त्याला उचलून नेते. ज्या संस्कृतीने मांजराला ढोंगी तपस्वी ठरवले, तिनेच त्याच्या वात्सल्यात परमेश्वराच्या कृपेचे रूप पाहावे, आणि तेही इतक्या अचूक निरीक्षणातून, याबद्दल मला त्या आचार्यांविषयी परम आदर वाटतो.

ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना आता काही विनंत्या. केवळ दूधभातावर त्याला ठेवू नये. टॉरिन नावाचे द्रव्य त्याच्या शरीराला पुरेसे घडवता येत नाही, ते मांसमासळीतूनच मिळते, आणि त्याच्या अभावी मांजराची दृष्टी जाते व हृदय दुबळे होते. बऱ्याच प्रौढ मांजरांना दूध पचतही नाही. एखादे रिकामे खोके आणि बसण्यास एखादी उंच जागा त्याला अवश्य द्यावी. वरच्या मजल्यावरील सदनिकेच्या गॅलरीला जाळी लावावी, कारण पायांवर उतरणाऱ्याचेही जबडे आणि पाय मोडतात. आणि त्याच्या लकबी नित्य पाहत जाव्यात. एकट्या शिकाऱ्याचा हा वंशज आपले दुखणे शेवटपर्यंत लपवतो आणि सवयींत पडलेला फरक हीच त्याची एकमेव वर्दी असते. अंग चाटणे बंद झाले, खोक्यातून बाहेर येणे थांबले, तर दुर्लक्ष करू नये. विशेषतः बोका वारंवार माती उकरून बसत असेल आणि लघवी होत नसेल, तर त्याला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे; मूत्रमार्ग पुरता अडलेला बोका उपचारावाचून दोन-तीन दिवसांत दगावतो.